एका कसोटीची कारकीर्द

क्रिकेटच्या आकडेवारीची जाडजूड पुस्तके चाळण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. गावसकर, तेंडुलकर यांची नावे तिथे शोधावी लागत नाहीत. ती आपोआपच डोळ्यांत भरतात. पण या बड्या नावांच्या अधेमध्ये काही नावे अशी असतात, की त्यांच्यापुढे सामन्यांच्या रकान्यात नुसता ‘१’ हा आकडा असतो. आयुष्यात एक कसोटी सामना. त्याच्या आधी काही नाही, नंतरही काही नाही. छापणाऱ्याने एक ओळ दिली आणि तो पुढच्या नावाकडे वळला.

अशाच एका ओळीत सदाशिव रावजी पाटील हे नाव आहे. जन्म कोल्हापूर, १० ऑक्टोबर १९३३. मध्यमगती गोलंदाज. कसोटी १, बळी २, दिलेल्या धावा ५१. फलंदाजीत धावा १४ आणि त्याही नाबाद. त्यामुळे फलंदाजीच्या सरासरीच्या रकान्यात आडवी रेघ आहे. एकदाच फलंदाजीला आले आणि बाद झालेच नाहीत, मग भागायचे कशाने?

आपल्याकडे अशा खेळाडूविषयी बोलायची एक ठरावीक रीत आहे. ‘बिचाऱ्याला संधी मिळाली नाही’ असे म्हणायचे आणि सुस्कारा सोडायचा. पाटलांची गोष्ट जरा नीट पाहिली, तर हा सुस्कारा अस्थानी वाटू लागतो. निदान मला तसा वाटू लागला आहे. का, ते आज सांगायचे आहे.

तालमींच्या गावचा गोलंदाज

कोल्हापूर हे गाव कुस्तीचे, हे सर्वांनाच माहीत आहे. ते फुटबॉलचेही आहे, हे कोल्हापूरबाहेर फारसे कुणाच्या ध्यानात नसते. पेठापेठांतल्या तालमींचे आणि तरुण मंडळांचे संघ, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात, तेव्हा घराघरांत दोन तट पडतात. माझे बालपण तिथल्याच एका पेठेत गेले. आमच्याकडे पोराने मातीत उतरावे किंवा चेंडूला लाथ मारावी, हेच रीतसर समजले जाई. क्रिकेट हा जरा ‘साहेबी’ खेळ. अशा गावातून एक मध्यमगती गोलंदाज निघतो आणि भारताकडून नवा चेंडू हातात घेतो, याचे अप्रूप आमच्या वडिलांच्या पिढीला फार होते. वडील त्यांचा उल्लेख नेहमी ‘आपले पाटील’ असा करीत. जणू ते आमच्याच गल्लीत राहत होते!

पाटलांनी रणजी करंडकात महाराष्ट्राकडून पहिले पाऊल टाकले ते १९५२-५३ च्या हंगामात, आणि तेही मुंबईविरुद्ध. मुंबई म्हणजे आदल्याच हंगामातला विजेता संघ. त्या काळी महाराष्ट्राने मुंबईशी खेळायचे म्हणजे किती धावांनी हरायचे एवढेच काय ते ठरायचे असे, असे जुने लोक सांगत. महाराष्ट्राचा पहिला डाव १६७ धावांत आटोपला. आता संपलेच, असे वाटले असेल. पण मुंबईचा डाव ११२ धावांत कोसळला. एकोणीस वर्षांच्या पाटलांनी नव्या चेंडूने सुरुवात केली होती. दुसऱ्या डावातही त्यांनी ६८ धावांत ३ बळी घेतले आणि महाराष्ट्राने तो सामना १९ धावांनी जिंकला. पदार्पण असे झाले.

१९५५ चा डिसेंबर

त्यानंतर तीन वर्षांनी, १९५५ च्या हिवाळ्यात, न्यूझीलंडचा संघ कसोटी मालिकेसाठी प्रथमच भारतात आला. न्यूझीलंडने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. त्यांचा पहिला विजय आला तो पुढच्या वर्षी, मार्च १९५६ मध्ये. पण बर्ट सटक्लिफ आणि जॉन रीड यांच्यासारखे फलंदाज त्या संघात होते आणि ते कोणत्याही गोलंदाजाला सोपे नव्हते.

पुण्यात पश्चिम विभागाशी या पाहुण्यांचा सामना झाला. पाटलांनी त्यात ७४ धावांत ७ बळी मिळवले, आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरील दुसऱ्या कसोटीसाठी त्यांना बोलावणे आले.

२ डिसेंबर १९५५ ला सुरू झालेली ही कसोटी भारतीय क्रिकेटच्या इतिहासात बऱ्याच कारणांनी नोंदलेली आहे. पॉली उम्रीगर यांची कर्णधार म्हणून ती पहिली कसोटी. विजय मेहरा यांचे पदार्पण त्याच सामन्यातले. वय अठरा पुरे नव्हते, आणि तोवर इतका लहान खेळाडू भारताकडून कसोटी खेळला नव्हता. विनू मांकड यांनी त्या सामन्यात २२३ धावा केल्या. भारताने ८ बाद ४२१ वर डाव घोषित केला, तेव्हा पाटील १४ धावांवर नाबाद होते. न्यूझीलंडचा पहिला डाव २५८ आणि दुसरा १३६. भारत एक डाव आणि २७ धावांनी जिंकला. पाटलांना दोन्ही डावांत एकेक बळी मिळाला.

भारतीय संघ तेव्हा फार वेळा जिंकत नसे. अनेक नामवंतांची सारी कारकीर्द संपली तरी कसोटी विजयाचा अनुभव त्यांच्या वाट्याला आला नाही. पाटलांनी आयुष्यात जी एकच कसोटी खेळली, ती भारताने जिंकली.

पुढच्या, दिल्लीच्या कसोटीत त्यांचे नाव नव्हते. त्यानंतर ते कधीच आले नाही.

नवा चेंडू, जुनी रीत

असे का झाले, हे समजून घ्यायला एकट्या पाटलांकडे पाहून भागत नाही. त्या मालिकेकडे पाहावे लागते.

हैदराबादच्या पहिल्या कसोटीत सेनादलाचे मध्यमगती गोलंदाज व्ही. एन. स्वामी यांना संधी मिळाली. त्यांना बळी मिळाला नाही. ती त्यांची पहिली आणि शेवटची कसोटी. मुंबईत पाटील आले. दिल्ली आणि कोलकाता या पुढच्या दोन कसोट्यांत जी. आर. सुंदरम यांना घेतले. त्यांना तीन बळी मिळाले आणि त्यांची कारकीर्दही तिथेच थांबली. म्हणजे दीड महिन्याच्या आत तीन नवे मध्यमगती गोलंदाज आले आणि गेले. तिघांच्या मिळून कसोट्या चार.

आणि त्याच मालिकेत लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांनी एकट्याने ३४ बळी घेतले! मुंबईच्या कसोटीतही दुसऱ्या डावात न्यूझीलंडचा निम्मा संघ त्यांनीच गारद केला.

कोडे इथेच सुटते. त्या काळच्या भारतीय संघात नव्या चेंडूच्या गोलंदाजाचे काम चेंडूची लकाकी घालवण्याचे होते. आठ-दहा षटके टाकायची, चेंडू जुना करायचा आणि तो गुप्ते-मांकड यांच्या हाती द्यायचा. खेळपट्ट्या संथ, उन्हात भाजलेल्या. फडकर, रामचंद यांच्यासारखे थोडी गोलंदाजी आणि बरीच फलंदाजी करणारे अष्टपैलू या कामाला पुरत. अशा संघात नुसता मध्यमगती गोलंदाज म्हणून टिकायचे तर पहिल्याच सामन्यात काहीतरी अचाट करून दाखवावे लागे. ५१ धावांत २ बळी ही कामगिरी वाईट नव्हे. पण जो पाहुण्यांसाठी दार उघडतो, त्याला पंगतीत पान मांडले जाईलच असे नाही.

याच कोल्हापूरचे दुसरे उदाहरण घ्या. भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम दहा धावांवर होता आणि समोरच्या कर्णधाराने खेळ पुढे चालू ठेवायलाच नकार दिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची याहून मोठी खेळी आजवर झालेली नाही. त्या निंबाळकरांच्या नावापुढे अधिकृत कसोटी किती? एकही नाही. मग पाटलांचा ‘१’ हा आकडा लहान म्हणायचा की मोठा? आकड्यांच्या पुस्तकाला हा प्रश्न सोडवता येत नाही.

गिरण्यांच्या गावांत

पाटलांच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग यापुढचा आहे. पुस्तकातली कसोटीची ओळ संपते, पण माणूस काही संपत नाही.

पाटील १९६४ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत राहिले. ३६ सामने, ८३ बळी. महाराष्ट्राचे कर्णधारपदही त्यांनी सांभाळले. आणि मधल्या काळात ते इंग्लंडला गेले, लँकेशायर लीगमध्ये खेळायला.

ही लीग म्हणजे काय, ते पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना चटकन समजेल. इंग्लंडच्या वायव्येला कापड गिरण्यांची लहान लहान गावे आहेत. नेल्सन, बर्नली, अ‍ॅक्रिंग्टन, हॅसलिंग्डन अशी त्यांची नावे. प्रत्येक गावाचा एक क्लब. संघातले दहा जण गावातलेच. कुणी गिरणीत, कुणी दुकानात, कुणी कचेरीत. अकरावा खेळाडू मात्र पगारी. त्याला ‘प्रोफेशनल’ म्हणायचे. सामने सुटीच्या दिवशी, कारण खेळणारे आणि पाहणारे दोघेही आठवडाभर कामावर. या पगारी खेळाडूकडून गावाच्या अपेक्षा अफाट असत. बळी त्याने घ्यायचे, धावा त्याने करायच्या आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना शिकवायचेही त्याने. कुणी अर्धशतक काढले किंवा पाच-सहा बळी घेतले, की प्रेक्षकांतून डबा फिरे आणि लोक त्यात सुटे पैसे टाकत. मजुरीच्या पैशांतली ती दाद असे.

वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ साली नेल्सनला गेले आणि त्या गावाचे लाडके झाले. आपले मांकड हॅसलिंग्डनकडून खेळले, गुप्ते रिश्टनकडून. त्या परंपरेत कोल्हापूरचे पाटील १९५९ आणि १९६१ या दोन हंगामांत सामील झाले. सामने ५२, बळी १११. म्हणजे सरासरीने दर सामन्याला दोनांहून अधिक. थंडी, ढगाळ हवा, हिरवी ओलसर खेळपट्टी. मध्यमगती गोलंदाजाला जे हवे असते ते सारे तिथे होते.

योगायोग असा, की त्याच १९५९ च्या उन्हाळ्यात दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि पाचही कसोट्या हरला. भारताकडून एक कसोटी खेळलेला, ती जिंकलेला एक गोलंदाज तेव्हा त्याच देशात, गिरणी कामगारांच्या गावांत सुटीच्या दिवशी बळी घेत होता. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडून निवड समितीवर खटला भरण्याचा माझा विचार नाही. मला एवढेच दिसते, की त्या माणसाने घरी बसून कुढत राहणे पसंत केले नाही. चेंडू टाकायला मैदान मिळाले, तो तिथे गेला.

त्या काळी भारतात क्रिकेटवर पोट भरत नसे. संस्थाने विलीन झाली, राजेमहाराजांचा आश्रय गेला, आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांचा आश्रय अजून पुरता आला नव्हता. खेळाच्या जोरावर चार पैसे मिळवायचे तर लँकेशायर ही मोजक्या वाटांपैकी एक होती. अमेरिकेतसुद्धा निराळे नव्हते. तिथला व्यावसायिक फुटबॉल आज अब्जावधींचा धंदा आहे, पण विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले बरेच खेळाडू हंगाम संपला की विमा विकत, शाळेत शिकवत, कारखान्यात काम करत. एक-दोन हंगाम खेळून, गुडघा दुखावून किंवा यादीतून वगळले जाऊन गावी परतणारे कितीतरी. त्यांचीही नावे अशाच एकेका ओळीत असतात.

आमच्या पट्ट्यातले क्रिकेट

पाटील ब्रेबॉर्नवर खेळले त्या सुमाराला आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना नुकता उभा राहत होता. १९५४ ची स्थापना. त्यानंतर १९६० च्या दशकात एकामागून एक कारखाने आले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडच्या पोरांचा लोंढा इकडे वाहू लागला. मीही त्यातलाच. १९७४ साली एसटीतून उतरलो तो ट्रंक आणि आयटीआयचे सर्टिफिकेट घेऊन. चिंचवडला एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे सहा जणांना तीन वळकट्या पुरत.

या पट्ट्यात कंपन्यांचे क्रिकेट जोरात होते. खात्याखात्यांचे संघ, मग कंपनीचा संघ. एच. ए. च्या मैदानावर किंवा कुठल्याशा मोकळ्या माळावर मॅटिंग अंथरायचे आणि सुटीच्या दिवशी खेळायचे. रात्रपाळी करून, चहा-पाव खाऊन थेट मैदानात उतरणारे महाभाग आमच्यात होते. पांढरी पँट एकाची, बूट दुसऱ्याचे.

आमच्या खात्यात एक मध्यमगती गोलंदाज होता. सातारा जिल्ह्यातला, अंगाने शिडशिडीत. त्याचा चेंडू उशिरा बाहेर जाई. हे मी यष्टींमागे उभा राहून पाहिले आहे आणि हातांची बोटे सुजवून घेतली आहेत. १९७९ साली त्याला पुण्यात एका निवड शिबिराला बोलावले. पंधरा दिवसांचे शिबिर. तो तेव्हा टेम्पररी होता. मोठी रजा घेतली तर कायम होणे लांबणार, कदाचित हुकणारही. घरी आई, दोन बहिणी लग्नाच्या. दोन रात्री तो झोपला नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पहिल्या पाळीला आला आणि मशीनवर उभा राहिला. शिबिराचे पत्र त्याने डब्याच्या पिशवीत ठेवले होते. ते तेलाने डागाळले.

पुढे तो कायम झाला, बहिणींची लग्ने झाली, निगडीला घर बांधले. कंपनीच्या संघाकडून तो चाळिशीपर्यंत गोलंदाजी टाकत होता. त्याचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही, अर्ध्या ओळीचेसुद्धा नाही. मध्यंतरी त्याला मी विचारले, ‘‘लेका, वाईट वाटतं का रे कधी?’’ तो म्हणाला, ‘‘वाटतं की. पण एक सांगू? चेंडू बाहेर जायचा तो काही कुणी यादीत नाव घातलं म्हणून जात नव्हता. तो माझ्या मनगटामुळं जायचा.’’

हे बोलणारा माणूस आज सत्तरीत आहे आणि रविवारी सकाळी सोसायटीतल्या पोरांना पकड कशी धरायची ते दाखवतो. फी घेत नाही. चहा मात्र घेतो.

यादीत नाव नाही

आता या पट्ट्याचा चेहरा बदलला आहे. चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. माळ गेले, टॉवर आले. द्रुतगती मार्गालगत गहुंजेला मोठे स्टेडियम झाले. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला सांगवीचा ऋतुराज गायकवाड भारताकडून खेळला, आणि आमच्याकडच्या प्रत्येक आईबापाला आपल्या घरात एक ऋतुराज दडलेला दिसू लागला. त्यात गैर काही नाही. पण पहाटे साडेपाचला किटबॅग स्कूटरला अडकवून पोराला नेटला नेणारे बाप पाहिले, की कधी कधी माझ्या पोटात कालवते.

कारण हे आमच्या घरातही घडले. माझा नातू पंधरा वर्षांचा आहे. दहाव्या वर्षापासून क्रिकेट शिकतो. गोलंदाजी टाकतो, मध्यमगतीच. गेल्या वर्षी त्याच्या वयोगटाच्या निवड यादीत त्याचे नाव नव्हते. त्याने बॅग पलंगाखाली सारली. जेवताना एकच वाक्य बोलला, ‘‘आजोबा, पाच वर्षं फुकट गेली.’’ माझा मुलगा आणि सून एकमेकांकडे पाहू लागले. फी, बूट, बॅट, सकाळचे दूध, अभ्यासाची बुडालेली तासिका, या सगळ्याचा हिशेब त्या क्षणी ताटांच्या मध्ये येऊन बसला होता.

पंधरा वर्षांच्या मुलाने पाच वर्षे फुकट गेली म्हणावे, हे मला सोसवेना. त्याला उपदेश ऐकवण्यात अर्थ नव्हता. मी त्याला पाटलांची गोष्ट सांगितली. गहुंजेची कसोटी त्याला तोंडपाठ होती. ऑक्टोबर २०२४, न्यूझीलंडने भारताला ११३ धावांनी हरवले, सँटनरचे १३ बळी, आपली घरची मालिका बारा वर्षांनी गेली. त्या सामन्यात न्यूझीलंडच्या पहिल्या डावातले दहाही बळी आपल्या फिरकीने घेतले, सुंदरने सात आणि अश्विनने तीन, हेही त्यानेच मला सांगितले. मी म्हटले, ‘‘हाच न्यूझीलंड पहिल्यांदा इथे खेळला, तेव्हाही बळी फिरकीलाच मिळत होते. आणि नवा चेंडू आपल्या कोल्हापूरच्या एका माणसाच्या हातात होता.’’

त्याने मोबाइलवर धावफलक शोधून काढला. बराच वेळ पाहत बसला. मग म्हणाला, ‘‘एकच मॅच?’’

‘‘एकच.’’

‘‘मग नंतर काय केलं त्यांनी?’’

‘‘नऊ वर्षं खेळत राहिले. शंभरावर बळी इंग्लंडात घेतले.’’

तो काही बोलला नाही. मुलांचा निकाल असा एका संध्याकाळी लागत नसतो. पण दोन दिवसांनी बॅग पलंगाखालून बाहेर आली होती, एवढे मी पाहिले.

पंचाहत्तरी-ऐंशीकडे झुकलेल्या माझ्यासारख्या माणसांना एक गोष्ट उशिरा कळते. उमेदीची वर्षे थोडी असतात आणि त्यानंतरचे आयुष्य फार लांब असते. पाटील कसोटी खेळले तेव्हा बावीस वर्षांचे होते. १५ सप्टेंबर २०२० रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. त्या पाच दिवसांच्या सामन्यानंतर ते जवळजवळ पासष्ट वर्षे जगले. करोनाच्या धास्तीचे दिवस होते, वर्तमानपत्रांत बातमी लहानच आली. या पासष्ट वर्षांचे मोजमाप त्या एका सामन्याने करायचे का? आणि करायचेच ठरवले, तर ‘एकच’ या शब्दावर जोर द्यायचा की ‘कसोटी’ या शब्दावर?

आपल्या पट्ट्यातल्या हजारो मुलांपैकी यादीत नाव येणारी मुले मोजकीच असणार. त्यांतली रणजीपर्यंत पोहोचणारी आणखी थोडी आणि कसोटी खेळणारा एखादाच. हे गणित कुठल्याही अकादमीला, कुठल्याही आईबापाला बदलता येणार नाही. उरलेल्या मुलांच्या सकाळी फुकट गेल्या का, याचे उत्तर मात्र घरात ठरते. बहुधा ते जेवणाच्या ताटावरच ठरते.

आमच्या घरी आता एक छोटासा नियम केला आहे. सुनेनेच केला. नातू मैदानावरून आला की ‘निवड झाली का’ हे कुणी विचारायचे नाही. ‘आज काय टाकलंस’ हे विचारायचे. पहिले काही आठवडे तो खांदे उडवून आत जाई. गेल्या रविवारी निगडीच्या माझ्या त्या मित्राकडून आला, बूट काढता काढता म्हणाला, ‘‘आज दोन चेंडू उशिरा बाहेर गेले.’’ मग घामेजला हात पुढे करून शिवणीवर बोटे कुठे ठेवली होती, ते त्याने मला दाखवले.